जोडतिकीट

किल्ला आणि तुरुंग मिळून चौदा युरो.
वेगवेगळं घेतलं तर अठरा.
उन्हाळाभर मी हेच सांगते, दिवसातून दोनशे वेळा,
आणि लोक म्हणतात, मग दोन्ही द्या.

आम्हा फिनलंडवाल्यांच्या तोंडी तसेही ते दोन नाहीत.
'अमका किल्ल्यात बसलाय' असं कुणाच्या अंगणात ऐकलंत
तर राजा झाला असं समजू नका.
चोरी केली असेल, किंवा दारूच्या भरात सुरी काढली असेल.
माझी आत्या तर तो शब्द आवाज खाली आणूनच म्हणायची,
आम्ही सहलीला निघालो असलो तरी.

किल्ला लाल विटांचा, तळ्यात पाय सोडून बसलेला.
तिथे पोरांना कागदी मुकुट मिळतात,
शनिवारी नवऱ्या येतात फोटोला,
पांढरा घोळ गवतातून ओढत,
मागे बदकांची रांग.
तुरुंग शेजारीच,
कपडे वाळत घालायच्या दोरीएवढ्या अंतरावर.
तिथे नवरी येत नाही.
तिथे पत्र्याची ताटं, एक बादली,
आणि तेवीस नंबरच्या खोलीत मेणाचा माणूस,
खाटेवर बसवलेला, खिडकीकडे तोंड करून.

जुलैतल्या एका मंगळवारी ताउनो रेकोला आला.
नाव मला नंतर कळलं. तेव्हा नुसता एक म्हातारा,
इस्त्रीचा सदरा, हातात सायकलचा पंप.
बाहेर ठेवला तर चोरतात, म्हणाला.
"ज्येष्ठांना सवलत आहे का?"
आहे.
"आणि आधी राहून गेलेल्यांना?"
मी यंत्रात शोधलं. खरंच शोधलं.
तसा रकाना नव्हता.
तो हसला नाही. मीही नाही.
मग दोघंही.

आइला सगळ्यांना हिंडवत होती.
तेवीसपाशी तिनं नेहमीचं वाक्य टाकलं:
इथून कैदी तासन्‌तास तळं बघत बसायचे.
"नाही," मागून आवाज.
"काच रंगवलेली होती. पांढरी.
नखानं खरवडलीत तर तीन दिवस अंधारकोठडी."
घोंगडी निळी नव्हे, करडी.
आणि दाराकडे पाठ करून इथे कुणी बसत नसे,
निदान पहिल्या आठवड्यानंतर.

तळं त्याला माहीत होतं ते कानानं.
हिवाळ्यात रात्री बर्फ तडकायचा.
पहिल्या वर्षी त्याला वाटलं, दारं उघडताहेत,
एकामागून एक, इतकी दारं,
म्हणजे सगळ्यांनाच सोडताहेत.
उठून बूट घालून बसला.
सकाळी हजेरीला सगळे होते.

बाहेर पडला तेव्हा मी माझ्या खिडकीतून बघत होते.
भिंतीला टाच लावून उभा राहिला,
आणि चालू लागला पाण्याकडे, ओठ हलवत.
काठाशी थांबला. पंपाचं टोक पाण्यात बुडवून बघितलं.
परत आला थेट माझ्याकडे,
रांगेतल्या जर्मन कुटुंबाला ओलांडून.
"एक्केचाळीस पावलं," म्हणाला.
"सहा वर्षं. एक्केचाळीस पावलं."

मला काही सुचेना.
म्हटलं, किल्ला राहिलाय तुमचा, तिकिटात आहे.
त्यानं तिकीट उलटंपालटं केलं.
"मुदत किती?"
वर्षाची.
"वर्ष काय, काढता येतं," म्हणाला,
आणि अर्धं न फाडलेलं तिकीट
पाकिटात ठेवलं, पेन्शनच्या कार्डामागे.

आइलानं त्या मेणाच्या माणसाला फिरवलंय,
वर कुणाला न विचारता.
आता दारातून डोकावणारं पोर दचकतं,
मुकुट सावरतं,
कारण तो सरळ बघतो,
जणू आपणच काही निरोप आणलाय.

फेब्रुवारीत माणसं कमी, दिवस चार बोटांएवढा.
कधी तळ्यावर बर्फ तडकतो
तेव्हा मी गल्ला मोजत असते.
थांबते.
मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेते.